गेलेल्यांचे स्मरण नेमके कोणासाठी?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात कोणाचे निधन झाले की दुसऱ्या दिवशीच्या मराठी दैनिकात चार-पाच ओळी छापून येतात: नाव, वय, गल्ली किंवा गाव, पश्चात कोण कोण, आणि रक्षाविसर्जन किती वाजता. पुढे उत्तरकार्य होते. वर्षाने पुण्यस्मरणाची जाहिरात येते, अलीकडे चौकात फ्लेक्सही लागतो. मृताच्या आत्म्याला शांती लाभो, हे वाक्य या सगळ्यात ठरलेले असते. स्मरणाने गेलेल्या माणसाचे काही भले होते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. या गृहीतकावर मात्र एकमत नाही. मराठा, ब्राह्मण, लिंगायत, दिगंबर जैन, मुसलमान, ख्रिस्ती आणि बौद्ध इथे एकाच गावात नांदतात, एकमेकांच्या मयतीला जातात, आणि माणसाचे पुढे काय होते याची त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत.

श्राद्धविधीचे उत्तर सर्वांत तपशीलवार आहे. मरणानंतर काही दिवस माणूस प्रेतावस्थेत असतो. दहा दिवसांच्या पिंडांनी त्याला पुढच्या प्रवासाचा देह मिळतो. बाराव्या दिवशी सपिंडीकरणात त्याचा पिंड बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळतात, आणि तो पितरांत जातो. पुढे श्राद्धात नाव आणि गोत्र उच्चारले जाते ते मुख्यतः तीन पिढ्यांचे. नवा माणूस आत आला की सर्वांत जुना या मोजणीतून बाहेर सरकतो. श्राद्ध म्हणजे अखंड आठवण, असा सर्वसाधारण समज आहे. विधीची रचना पाहिली तर ती उलट दिसते. स्मरणाला इथे मुदत घातली आहे, आणि ती संपली की त्या माणसाचे वेगळेपण पितरांच्या समूहात विरून जाते. शोकाला शेवट असावा हे या व्यवस्थेने ओळखले होते, आणि तो तिचा मोठा गुण मानायला हवा.

याच विधीतला सर्वांत बोलका प्रसंग पोथीपेक्षा लोकव्यवहारात अधिक रुजला आहे. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की मृताची काही इच्छा अडली आहे असे समजतात. मग नातेवाईक एकेक करून पुढे होतात. धाकटीचे लग्न आम्ही लावू, म्हातारीला अंतर देणार नाही, भावाभावांत जमिनीवरून भांडणार नाही, अशी वचने सगळ्यांदेखत दिली जातात. कावळ्याच्या येण्या-न येण्याचा मृताच्या इच्छेशी संबंध जोडायला कसलाही आधार नाही. तो भुकेला येतो आणि गर्दीला बिचकतो. पण घाटावर दिलेला शब्द खोटा नसतो. मेलेल्या माणसाची जबाबदारी जिवंतांनी साक्षीदारांसमोर अंगावर घेण्याचा हा प्रसंग आहे. कागदावर सही नसली तरी तो शब्द मोडणाऱ्याला गाव विसरत नाही.

श्राद्धावरचा आक्षेपही जुनाच आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात चार्वाकांचा युक्तिवाद नोंदलेला आहे. इथे दिलेल्या अन्नाने परलोकातला माणूस तृप्त होत असेल, तर परगावी निघालेल्या प्रवाशाला शिदोरी कशाला बांधून द्यायची, असा त्याचा आशय. जैन मताने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. देह सुटताच जीव अत्यल्प काळात दुसरा देह धारण करतो, म्हणून पिंडाची वाट पाहत थांबलेला कोणी उरतच नाही. तिथे स्मरणाचा भर मरणोत्तर विधीवर नसून माणूस मरणाला कसा सामोरा गेला यावर आहे. याचे मोठे उदाहरण याच भागातले आहे. निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे मरणापर्यंत अन्नत्यागाचे व्रत, घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्यांची पुण्यतिथी पाळतात ती त्यांना काही पोहोचावे म्हणून नव्हे, त्यांच्या आचरणाचा धडा घेण्यासाठी.

लिंगायत परंपरेत मृताला बसलेल्या स्थितीत, इष्टलिंगासह दफन करतात आणि तो लिंगैक्य झाला असे मानतात. जो शिवात मिळाला त्याला पिंडाची गरज नाही आणि त्याच्या जाण्याचे सुतकही नाही, ही मूळ भूमिका. प्रत्यक्षात शेजाऱ्यांचे पाहून अनेक घरांत दिवस पाळले जातात. तत्त्वापेक्षा भावकीचा दाब जड ठरतो. मुसलमानांत तिसऱ्या दिवसाची जियारत आणि चाळिसावा, कॅथलिकांत २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस. या दोन्हींत प्रार्थना मृतासाठी असते, पण निवाडा देवाच्या हाती.

धर्मविधी घराचे असतात. गाव ज्यांना आपले मृत मानते त्यांचे स्मरण निराळ्या वाटेने होते. या प्रदेशात त्याची जुनी खूण म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. कर्नाटकातल्या अनेकांवर असतो. आधुनिक काळात ही जागा हुतात्मा दिनाने घेतली. हा भाग महाराष्ट्रात यावा या मागणीच्या आंदोलनात १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात पडलेल्यांना सीमाभाग दरवर्षी अभिवादन करतो. मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही त्या काळच्या हुतात्म्यांची नावे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील मृतांसाठी १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकाजवळ लोक जमतात. निपाणीला आणखी एक तारीख आहे, ६ एप्रिल १९८१. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठिय्या दिलेल्या तंबाखू उत्पादकांवर त्या दिवशी गोळीबार झाला.

अशा स्मरणात एक उणीव राहते. हुतात्म्याचा मृत्युदिन पाठ होतो, त्याचे आयुष्य मागे पडते. तो काय काम करी, घरात कोणाचा आधार होता, हे भाषणात येत नाही. दैनिकातल्या चार ओळींत उलट घडते: तिथे कर्तृत्व नसते, पण नातवंडांपर्यंतचा परिवार असतो. माणूस पुरता आठवायचा तर दोन्ही लागते. शोकसभेत फक्त गुण सांगण्याची पद्धतही तपासायला हवी. मरणाने वैर संपते हे रामायणाने रावणाच्या अंत्यविधीच्या प्रसंगी सांगितले खरे, पण वैर संपवणे वेगळे आणि माणसाला खोटा रंग देणे वेगळे.

स्मरणाचे ओझे कोणावर पडते, हा प्रश्न सर्वांत कमी विचारला गेला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या रीतींनी पतीची आठवण पत्नीच्या अंगावर कायमची लादली जाते. पत्नी गेली तर पतीच्या अंगावर अशी एकही खूण येत नाही. पितरांना मुदत देणाऱ्या समाजाने विधवेला मात्र मुदत दिली नाही. सीमेलगतच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ते परिपत्रक कर्नाटकात असलेल्या निपाणी आणि बेळगावच्या गावांना लागू नाही. तिथल्या ग्रामसभांना आपला ठराव स्वतःच करावा लागेल.