खळ्यावरचा हक्क



आश्विनाचे ऊन तापू लागले की मराठवाड्यातील कोरडवाहू रानात काढणीची घाई सुरू होते. दोन-तीन एकरांच्या धन्याला उसंत नसते. घरातील लहानथोर विळे घेऊन सोयाबीनच्या तासाला लागतात, कापलेल्या पिकाची गंजी रचतात, परतीचा पाऊस येईल या धास्तीने तिच्यावर ताडपत्री घालतात. एकीकडे मळणीयंत्राची वाट पाहायची, दुसरीकडे ओल आहे तोवर ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकायची. तूर अजून रानात उभीच असते. या धांदलीत एक प्रश्न मागे पडतो: खळ्यावर पडलेली ही रास कोणाची?

पवित्र कुरआनात सूरह अल-वाकिआमध्ये (आयती ६३ ते ६५) अल्लाह शेतकऱ्यालाच विचारतो, की तुम्ही जे पेरता ते उगवणारे तुम्ही आहात की आम्ही? आम्ही इच्छिले तर त्या पिकाचा भुसा करून टाकू. बी आपण टाकतो, खुरपणी आपण करतो. पण बीजाला कोंब फोडणे आपल्या हाती नाही. म्हणून सूरह अल-अनआमच्या १४१ व्या आयतीत आज्ञा आहे, की फळ खा. परंतु कापणीच्या दिवशीच त्यातील हक्क अदा करा आणि उधळपट्टी करू नका. येथे ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गरिबाला दिलेले धान्य ही आपली मेहरबानी नव्हे. ते त्याचेच आहे.

या हक्कालाच उश्र म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याचे प्रमाण ठरवून दिले. जे पीक पावसावर येते त्याचा दहावा भाग आणि ज्याला पाणी कष्टाने द्यावे लागते त्याचा विसावा भाग. कोरडवाहू रानात वीस क्विंटल माल झाला तर दोन क्विंटल. विहिरीच्या पाण्यावर तेवढाच झाला तर एक क्विंटल. ज्याचे श्रम व खर्च अधिक, त्याच्यावरचा भार निम्मा. बहुसंख्य इमामांच्या मते पाच वसक, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेसहाशे किलो, पिकाखाली उश्र नाही, इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते थोड्या पिकावरही आहे. कोणत्या पिकावर उश्र आणि खर्च वजा करावा की नाही, याविषयीही मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पण विचारणे हे टाळण्याचे निमित्त होऊ नये.

सूरह अल-कलममध्ये बागवाल्यांची हकिकत आहे. गोरगरीब येण्याआधीच पहाटे फळे तोडून घेऊ, अशी शपथ त्यांनी घेतली. कुजबुजत निघाले आणि पाहतात तो रातोरात बाग उद्ध्वस्त! आपल्या शिवारात काढणीनंतर सरवा वेचायला आयाबाया येतात. त्यांना बांधावरूनच हाकलताना ही हकिकत आठवावी.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. शेजाऱ्याची गंजी पावसात भिजून काळी पडली, शेंगांना कोंब फुटले, तर ‘त्याने उश्र दिला नसेल’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सूरह अल-बकराच्या १५५ व्या आयतीत स्पष्ट आहे, की पिकांच्या हानीने श्रद्धावंतांचीही परीक्षा घेतली जाते आणि धीर धरणाऱ्यांना शुभवार्ता आहे. बागवाल्यांचा मनसुबा अल्लाहने सांगितला म्हणून आपल्याला कळला. शेजाऱ्याच्या अंतःकरणाचे ज्ञान आपल्याला दिलेले नाही. ज्याचे पीकच बुडाले त्याच्यावर उश्र नाही. उलट ज्याचे वाचले त्याच्या राशीत आता त्या शेजाऱ्याचाही हक्क असू शकतो. त्याच्या दारी न्याय सांगायला जाऊ नये, धान्य घेऊन जावे.

राशीचा दुसरा हक्क मजुराचा. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण. माल विकल्यावर बघू, असे म्हणून कापणीची मजुरी दिवाळीपलीकडे ढकलणाऱ्याने विचार करावा, की त्या घरची चूल कशावर पेटत असेल?

तिसरा हक्क ग्राहकाचा. एकदा बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तो आतून ओला निघाला. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगताच त्यांनी विचारले, की मग ओले धान्य वर का ठेवले नाही? जो फसवतो तो आमच्यापैकी नव्हे, असेही त्यांनी बजावले. आज खरेदीच्या वेळी यंत्राने ओलावा मोजतात. सोयाबीनची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के आहे. यंत्र नमुन्यापुरतेच पाहते. कट्ट्याच्या तळाशी काय भरले, हे अल्लाह पाहतो. आणि काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यालाही सूरह अल-मुतफ्फिफीनचा इशारा लागू आहे.

बंधूंनो, कर्जाचा हप्ता, बियाणे, मुलीची फी, सारे समोर उभे असताना राशीतून दहावा भाग वेगळा काढणे सोपे नाही. हात जड होतो. त्याच क्षणी कळते, की आपला भरवसा कट्ट्यांवर आहे की कट्टे भरणाऱ्यावर. म्हणून पहिला कट्टा घरी नेण्यापूर्वी, खळ्यावरच, हक्काचा वाटा बाजूला काढा.

हे अल्लाह, आमच्या कष्टाला बरकत दे, ज्यांचे पीक गेले त्यांना धीर दे आणि आमच्या राशी दुसऱ्यांच्या हक्कापासून पाक ठेव. आमीन.