पाठ लागू दे

चि. भाच्यास,



शालेय राज्य कुस्ती स्पर्धेत, १७ वर्षांखालच्या गटात सुवर्णपदक मारलंस. ताईनं फोनवर रडत सांगितलं, मीही इकडे उपरण्याला डोळे पुसले. चौकातल्या फ्लेक्सचा फोटोही पोचला. सत्कार घे, फेटा बांधून घे, त्यात काही वावगं नाही. महिन्याभरानं तो फ्लेक्स उतरव, पावसाळ्यात गोठ्यावर टाकायला बरा पडेल.

आता कामाचं. तुझ्या फायनलचा व्हिडिओ मी बऱ्याचदा पाहिला. पहिल्यांदा मामा म्हणून, नंतर पैलवान म्हणून. एकेरी पट काढायच्या आधी तुझा डावा खांदा किंचित खाली जातो. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना तिसऱ्या खेपेला दिसलं. सातारा-सोलापूरच्या वस्तादांना पहिल्या खेपेलाच दिसलं असेल. काल तू कुणाला माहीत नव्हतास. आज तुझा डाव प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

माझं सांगतो. एकोणिसाव्या वर्षी जत्रेतली शेवटची कुस्ती मी ढाकेच्या डावावर मारली. दोन महिने शाल-श्रीफळ चाललं होतं. लोकांना वाटतं, पोरगं सत्कारानं सुस्तावलं. तसं नव्हतं रे. पहाटे चारला उठत होतो, जोर-बैठका तेवढ्याच, सपाटे तेवढेच, खुराकही चोख. बिघडलं होतं ते निराळंच. तालमीत हरायची मला लाज वाटायला लागली होती. बारकी पोरं हौद्याच्या कडेला बसून बघायची. त्यांच्यासमोर पाठ कशी लावून घ्यायची? म्हणून जोर करायला मी माझ्यापेक्षा हलकी जोड निवडायचो आणि भारी गडी उतरला की गुडघा दुखतो म्हणून बाहेर यायचो. ढाक लागायची, टाळ्या पडायच्या. वस्ताद काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पुढल्या वर्षी त्याच जत्रेत समोरच्यानं मला मानेला हातच घालू दिला नाही. ढाक सोडून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दोन मिनिटांत चितपट. त्या मातीतल्या हळद-ताकाचा वास अजून नाकात आहे.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव तू भाषणात घेतलंस म्हणे. त्यांची १९५२ची हेलसिंकी सगळ्यांना पाठ असते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते. तू १९४८चं लंडन बघ. मातीत वाढलेला गडी, तिथं गादीवर उतरला आणि फ्लायवेटमध्ये सहावा आला. बावीस-तेवीस वर्षांचं वय. जगात सहावा! त्यावर जन्मभर सत्कार घेता आले असते. त्यांनी पुढची चार वर्षं नव्या कुस्तीच्या सरावात घातली, वजनगट वाढवला आणि बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले होते. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर? खाशाबांनी कुस्त्या भरवून ते पैसे फेडले. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

तुझ्याबाबतीत मला आळसाची भीती नाही, तू ताईचा मुलगा आहेस. भीती आहे ती पदक सांभाळत बसशील याची. म्हणून एवढं कर. नेहमीचा पट दोन महिने बंद ठेव. खांद्याची खोड वस्तादांना दाखव आणि उजवीकडून काढायला शीक. भारंदाज शीक, पुठ्ठी शीक. आधी फसतील, हसं होईल, होऊ दे. वरच्या वजनाच्या पैलवानाला आपणहून म्हण, ‘दादा, आज माझ्याशी जोर कर.’ तो आपटेल. कडेची पोरं हसतील. त्यातलंच एखादं उद्या तुझ्यावर पट काढेल, तेव्हा त्याला शाबासकी दे. आणि तो व्हिडिओ बघणं सोड. बघायचाच झाला तर उपांत्य फेरीचा बघ, जिथं शेवटच्या अर्ध्या मिनिटात तू थकून नुसता ढकलाढकली करत होतास.

बदाम पाठवतोय, भिजवून घोटून घे. रविवारी फोन कर. किती कुस्त्या मारल्यास ते नको, आठवड्यात पाठ किती वेळा लागली तेवढं सांग.

तुझा,
मामा