पाहणाऱ्याचे ऋण

नाटकातील दुःख पाहून प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचे नैतिक मोल काय? ती करुणा असते, की करुणेचा नुसता आस्वाद? हा प्रश्न नवा नाही. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो उपस्थित केला आहे. तरुणपणी कार्थेज नगरीत शिकत असताना त्यांना नाटकांचे वेड लागले होते. पुढे त्या वेडाकडे वळून पाहताना त्यांनी एक आक्षेप घेतला: रंगमंचावरील दुःखिताला मदत करा, असे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही, त्याला आमंत्रण असते ते केवळ हळहळण्याचे. जो जितका अधिक रडतो, तितका तो नाटककारावर अधिक प्रसन्न होतो. रडू आलेच नाही, तर तो नाराज होऊन उठून जातो. खरी करुणा मात्र, ते म्हणतात, दुःख मुळात नसावे अशीच इच्छा बाळगते.

गुरुविद्यालयात हा भाग मी प्रथम वाचला, तेव्हा तो मला एका कठोर मनाच्या संताचा अतिरेक वाटला होता. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या छोट्या सभागृहात झालेल्या एका नाटुकलीने माझे मत बदलले.

नाटुकलीत पात्रे दोनच होती. परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारे एक वृद्ध जोडपे. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या, एक मेज आणि त्यावर फोन. नट हौशी, गावचेच. प्रेक्षक शंभराच्या आतबाहेर असतील. पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांची पत्नी निवर्तलेली, मुलगा कॅनडात. आमच्या भागात असे घर अपवादात्मक राहिलेले नाही. प्रयोग संपला, टाळ्यांचा कडकडाट झाला, पुष्कळांनी डोळे पुसले. मीही पुसले. नंतर नटांचे कौतुक केले, चहा घेतला आणि घरी आलो. त्या गृहस्थांची चौकशी कोणी केली नाही. मीही केली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते ध्यानात आले, आणि ऑगस्टीन यांचा आक्षेप मला शब्दशः लागू पडला.

येथे लहान नाट्यगृहाचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हजार आसनांच्या नाट्यगृहात प्रेक्षक अंधारात हरवतो. त्याला कोणी पाहत नाही आणि तोही कोणाला पाहत नाही. मोजक्या पात्रांच्या, मोजक्या प्रेक्षकांच्या प्रयोगात ही सोय नसते. मुंबईत १९७१ साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक मोठा कालखंडच त्या सभागृहाच्या नावाने ओळखला जातो. तेथे नटाचा श्वास प्रेक्षकाला ऐकू यावा इतके दोघे जवळ असत. अशा ठिकाणी पात्रे थोडी असण्याचे एक कारण अर्थातच पैशाचे असते: तिकिटे थोडी, म्हणून मानधन, पोशाख, प्रवास सारेच थोडे. परंतु दारिद्र्यातून एक सत्यही हाती लागते. पोलंडचे दिग्दर्शक येझी ग्रोटोव्स्की यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते मांडले. रंगभूषा, नेपथ्य, संगीत, प्रकाशयोजना हे सारे वगळले तरी नाटक उरते. नट आणि प्रेक्षक यांच्यातील जिवंत नाते वगळले तर उरत नाही.

हे नाते किती गंभीर असू शकते, याचे उदाहरणही पोलंडमध्येच सापडते. १९४१ साली, नाझी अंमलाखालील क्राकूव शहरात, मिएचिस्वाव कोत्लार्चिक यांनी एक गुप्त नाटकमंडळी उभारली. नट अवघे चार-पाच. प्रयोग लोकांच्या घरांतील खोल्यांत. भर सारा शब्दांवर. पकडले गेल्यास छळछावणी किंवा मृत्यू. त्या नटांमध्ये कारोल वोयतिवा नावाचा एकवीस वर्षांचा कामगार होता. तेच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. पण येथे मला नटांपेक्षा प्रेक्षकांविषयी बोलायचे आहे. त्या खोलीत येऊन बसणे हीच एक कृती होती. आपली भाषा आणि आपले काव्य मरू नये म्हणून ते जीव धोक्यात घालून ऐकत होते. त्यांचे ऐकणे हेच साहाय्य होते. ऑगस्टीन यांचा आक्षेप त्यांना लागू पडत नाही.

मग आपल्याला तो का लागू पडतो? आपल्याला त्या पाहण्याची काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणून. मला वाटते, नाटकात येणारे अश्रू खोटे नसतात. ते अपुरे असतात. ते एका ऋणाची कबुली असतात, फेड नव्हे. रंगमंचावरील वृद्धाला आपण मदत करू शकत नाही हे खरे. तो तर पडदा पडताच मिशी काढून मोटारसायकलवरून घरी जातो. पण त्याने ज्याचे दुःख उसने घेतले, तो शेजारीच बसलेला असतो. मोठ्या नाट्यगृहात तो दिसला नाही, असे म्हणता येईल. शंभर माणसांच्या सभागृहात तशी सबब उरत नाही. लहान रंगभूमी आपल्याला अधिक चांगले बनवीत नाही. ती फक्त आपली पळवाट बंद करते. पुढचे पाऊल ज्याचे त्यानेच टाकावयाचे असते.

आठ दिवसांनी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. “या फादर, बसा,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. नाटुकलीविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. वाडीतील केळींविषयी, विहिरीला उतरत चाललेल्या पाण्याविषयी, पत्नीच्या शेवटच्या आजाराविषयी ते तासभर बोलत राहिले. मी ऐकत होतो. निघताना त्यांनी विचारले, “पुन्हा कधी येणार?”

टाळ्या वाजवल्या की प्रेक्षकाचे काम संपते, असे मी इतकी वर्षे समजत होतो. आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी त्यांच्याकडे जातो.