मोजणाऱ्याचा भार

वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत सर्किट तपासणाऱ्या कारागिरापुढे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न रोज उभा असतो: पाहिल्याने वस्तू बदलत असेल, तर पाहणाऱ्याला काय कळले म्हणायचे? १० व्होल्टच्या पुरवठ्यावर १ मेगाओहमचे दोन रोध एकसर जोडले, तर मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असतात. तिथे प्रतिव्होल्ट २० हजार ओहमचा काट्याचा मल्टिमीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला, की काटा १.४३ च्या आसपास थांबतो. मीटर बिघडलेला नसतो. त्याचा स्वतःचा २ लाख ओहमचा रोध सर्किटला समांतर जोडला जातो आणि तो लावलेला असेपर्यंत तिथे खरोखरच तेवढे व्होल्टेज उरते. आकडा खरा असतो, पण तो मीटरसकट सर्किटचा असतो.

हाच मीटर योग्य रेंजवर घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, तर काहीच ढळत नाही. पडघ्याच्या उपकेंद्रातून वाहणाऱ्या शेकडो मेगावॅटना मोजमापाने घेतलेले काही वॅट जाणवतही नाहीत. म्हणजे दोष एकट्या मीटरचा नाही. मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्या बळातल्या अंतरातून तो निर्माण होतो. माझे म्हणणे या निरीक्षणावर उभे आहे. समोरचा जितका दुबळा, तितकी तीच नजर त्याला जड. ज्याचे रेशनकार्ड किंवा नोकरी उत्तरावर अवलंबून आहे, तो अधिकाऱ्याच्या साध्या प्रश्नानेही वाकतो. सुस्थितीतला माणूस त्याच प्रश्नाला जसेच्या तसे उत्तर देतो. दोघांना एकच प्रश्नावली दिली म्हणून दोघांना सारखेच जाणले, असे होत नाही.

मग सत्य हाती लागतच नाही, ज्याचे त्याचे सत्य वेगळे, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर नेला, की त्याचा रोध १० लाख ओहम होतो आणि वाचन ३.३३ येते. ही दोन्ही वाचने ५ पासून दूर आहेत. तरी मीटरचे दोन्ही रोध ठाऊक असतील, तर त्यांच्यावरून गणिताने नेमके ५ व्होल्ट निघतात. अट एवढीच, की मोजणाऱ्याने स्वतःलाही हिशेबात धरले पाहिजे. जैनांचा अनेकान्तवादही सगळी मते सारखीच खरी आहेत असे सांगत नाही. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, ते सांगा, असा त्याचा आग्रह आहे. अपेक्षा लपवली, की अर्धे सत्य पूर्ण सत्य म्हणून मिरवू लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सांख्यांचा पुरुष आणि वेदान्तातला साक्षी काहीही न करता पाहतात. मग अस्पर्श पाहणे अशक्य कसे? पण सांख्य पुरुषाला अकर्ता ठरवून विषयांचा निश्चय बुद्धीकडे सोपवते, आणि बुद्धी प्रकृतीतूनच उपजलेली आहे. म्हणजे जगाचे ज्ञान मिळवणारे साधन जगाचाच भाग आहे. साक्षित्वाचा दाखला देऊन अधिकारी, डॉक्टर किंवा संशोधक स्वतःच्या भारातून सुटू शकत नाही. बारावीच्या प्रयोगशाळेतला पोटेन्शिओमीटर मात्र संतुलनबिंदूवर घटातून काहीही प्रवाह घेत नाही. तिथे तरी अलिप्त पाहणे साधले ना? साधले, पण दूर उभे राहून नव्हे. घटाइतकाच दाब स्वतःच्या पुरवठ्यातून समोर उभा केला, तेव्हा ते साधले. आणि तो बिंदू सापडेपर्यंतच्या चाचपणीत थोडा प्रवाह वाहिलाच. दुसऱ्याला न ढळवता जाणून घ्यायचे, तर खर्च आपल्या पदरचा करावा लागतो. म्हणूनच अलिप्ततेचा दावा करण्यापेक्षा आपला भार उघड करणे, तो बदलून पुन्हा तपासणे आणि दुबळ्यापुढे त्याच्या बरोबरीला येऊन उभे राहणे, हाच जाणणाऱ्याचा धर्म आहे, असे मी मानतो.