रसना आणि वाचा

चव घेणाऱ्या जिभेला आपण रसना म्हणतो आणि तीच जीभ बोलू लागली की तिच्या कामाला वाचा म्हणतो. अवयव एकच, पण या दोन कामांचा स्वभाव अगदी निराळा आहे. रसना उदार असते. परक्या घरी चार दिवस पाहुणचार झाला की ती तिथल्या आमटीची वाट पाहू लागते. वाचा मात्र मानी असते. परक्या भाषेतील उच्चार तिच्या अंगवळणी पडायला वर्षे जातात, आणि पडले तरी हिशेब करताना, रागावताना किंवा ठेच लागल्यावर ती नकळत आपल्या मूळ ठिकाणी परतते. परदेशी काही काळ राहण्याचा योग आला की हा फरक ठळकपणे जाणवतो आणि त्याच्या पाठोपाठ एक जुना प्रश्न उभा राहतो. 'आपले' कशाला म्हणावे? जे आपल्या भूमीत जन्मले त्याला, जे आपल्याला आवडते त्याला, की जे आपण सांभाळतो त्याला?

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतांनी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे चिरंजीवांच्या घरी अकरा महिने काढले. हा प्रश्न तेथे आमच्यापुढे आला तो कोणा तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथातून नव्हे, तर तीस ग्रॅम वजनाच्या एका कांडीतून. तिचे नाव तूरो रुदी. बाहेर गडद चॉकलेटचे पातळ कवच आणि आत पांढरा, आंबूसगोड, किंचित रवाळ असा चक्क्यासारखा गर. पांढऱ्या वेष्टनावर लाल ठिपके. दुकानात ती चॉकलेटांच्या फळीवर सापडत नाही. दूध-दह्याच्या थंड कपाटात ठेवलेली असते. आत ताजे दुग्धान्न असल्याने ती फार दिवस टिकत नाही आणि उष्णता तर तिला मुळीच सोसत नाही.

पहिल्या घासालाच कवच तडकले आणि आतल्या आंबटपणाने आम्हांला थेट बडोद्याच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडले. वेलची नाही, केशर नाही, साखरही बेताची. तरी फडक्यात टांगलेल्या दह्याची ती ओळख चुकण्यासारखी नव्हती. पुढे नातीला शाळेतून आणताना वाटेवरच्या दुकानात थांबणे हा नेमच झाला. एके दिवशी तिने खाता खाता विचारले, "आजोबा, हे श्रीखंडच आहे ना, चॉकलेटचा कोट घातलेलं? मग हे आपलं की त्यांचं?"

मुलांचे प्रश्न साधे दिसतात, पण त्यांची उत्तरे देणे सोपे नसते. 'त्यांचे' म्हणावे, तर ते तरी मुळात त्यांचे कुठे आहे? विरजलेले दूध ऊन करून, पाणी निथळून जो गोळा उरतो त्याला हंगेरियन लोक तूरो म्हणतात, आणि तो त्यांच्या घरोघरी पूर्वापार आहे. परंतु त्याची गोड कांडी करून तिच्यावर चॉकलेट चढवण्याची कल्पना सोव्हिएत संघातली. तिकडे या पदार्थाला सिरोक म्हणतात. १९५० च्या दशकात अभ्यासदौऱ्यावर गेलेल्या हंगेरियन दुग्धतज्ज्ञांनी तो पाहिला आणि १९६८ साली त्याचा हंगेरियन अवतार बाजारात आला. त्याचे बारसे शांडोर क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने केले. रुदी हे रुडॉल्फ या नावाचे लाडके रूप, आणि त्यांच्या भाषेत 'रूद' म्हणजे कांडी. हा दुहेरी अर्थ मुलांना आवडला आणि नाव रुळले.

आता मधल्या काळात काय घडले ते आठवावे. १९५६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर उतरले आणि स्वातंत्र्यासाठी उठलेल्या त्या शहराचा उठाव त्यांनी चिरडून टाकला. सोव्हिएत सैन्य हंगेरीतून पूर्णपणे निघून गेले ते १९९१ साली. म्हणजे ज्यांनी रणगाडे पाठवले त्यांच्याच देशातली ही मिठाई. सैन्य गेले, मिठाई राहिली. आज ती हंगेरियन बालपणाची खूण मानली जाते. परदेशी गेलेला हंगेरियन माणूस तिच्यासाठी झुरतो. लिथुआनियात हाच पदार्थ सुरेलिस, एस्टोनियात कोहुके. हे दोन्ही देश तर सोव्हिएत संघात सामील करून घेतले गेले होते आणि त्यांनीही तो टाकून दिला नाही.

येथे एखादा कठोर वाचक विचारील, की हे विस्मरण नव्हे काय? ज्याने मारले त्याच्या ताटातले गोड खाणे हा स्वाभिमानाचा अभाव नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो केवळ हंगेरीपुरता नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवट १५१० ते १९६१ अशी साडेचार शतके होती. त्याच राजवटीत १५६० पासून धर्मन्यायालय बसले, आणि त्यांच्याच गलबतांतून मिरची आली, काजू आला, बटाटा आला. बटाटा आणि पाव हे शब्दसुद्धा पोर्तुगीजच. आज मिरचीवाचून कोल्हापूरचा किंवा काजूवाचून गोव्याचा स्वयंपाक कोणी कल्पून दाखवावा!

आमचे मत असे, की वस्तू आणि ती आणणारा हात यांचे हिशेब वेगळ्या खात्यांवर मांडले पाहिजेत. चहा आवडतो म्हणून आसामच्या मळ्यांतील कष्टकऱ्यांवर झालेला जुलूम क्षम्य ठरत नाही. आणि तो जुलूम स्मरतो म्हणून चहाचा कप ओतून टाकावा असेही नाही. मिरची ही पोर्तुगिजांची देणगी नव्हेच. अमेरिकेतील अनाम शेतकऱ्यांनी ती हजारो वर्षे जोपासली. पोर्तुगीज केवळ वाहक. कोको त्याच खंडातला. साखरेला हंगेरियन भाषेत त्सुकोर म्हणतात आणि त्या शब्दाचा माग काढीत गेले तर आपल्या 'शर्करा' शब्दापाशी येऊन पोहोचावे लागते. एका कांडीत इतके देश दडलेले असताना तिच्यावर एकाचेच नाव कोरणे हा इतिहासाशी अन्याय होईल. कृतज्ञता असावी ती पिकवणाऱ्याबद्दल आणि रांधणाऱ्याबद्दल. राज्यकर्त्याचा जमाखर्च निराळा ठेवावा, आणि तो मिटवू मात्र नये.

मग 'आपले' होते तरी कसे? हंगेरियन लोकांच्या पॅप्रिकाकडे, म्हणजे त्यांच्या लाल मिरचीकडे पाहावे. तीही अमेरिकेतलीच, तुर्की अमलाच्या वाटेने तिकडे पोहोचलेली. आणि बुडा शहरावर तुर्कांचा अंमल १५४१ ते १६८६ असा दीड शतक होता. पण त्या लोकांनी ती नुसती खाल्ली नाही. तिचे वाण निवडले, ती वाळवण्याची आणि दळण्याची रीत बसवली, सेगेडसारखी शहरे तिच्यासाठी प्रसिद्ध केली. त्याच सेगेडमध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी पॅप्रिकातून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरून आलेली वस्तू जोपासून, तिच्यात आपली भर घालून ती जगाला परत देणे, याला आम्ही आपलेसे करणे म्हणतो. रुदीचेही तसेच. तिचा कारखाना मातेसाल्का या पूर्वेकडच्या गावी वाढला आणि पुढे त्याची मालकी डच कंपनीकडे गेली. तरी रुदी कोणाची, असे विचारले तर तिथले लहान मूलही 'आमची' असेच सांगेल. मालकीचा कागद आणि आपलेपणा या दोन गोष्टी आहेत, हे आयुष्यभर कागद हाताळलेल्या आम्हांला तेथे पुन्हा एकदा पटले.

बडोदेकरांना हे नवे वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. कल्पना परदेशची, पण मध्यवर्ती ग्रंथालयाला आज कोणी परके म्हणत नाही. कारण आपण तिथे वाचले, पुस्तके जपली, मुलांना तिथे नेले. आणि श्रीखंडाचे काय? ते मराठी की गुजराती, हा वाद आमच्या गल्लीत प्रत्येक गुढीपाडव्याला रंगतो. आपण चक्का म्हणतो, शेजारी मस्को म्हणतात. दोन्ही घरी दही रात्रभर टांगलेले असते, आणि सकाळी वाटी कुंपणावरून इकडून तिकडे जाते. हा वाद कधी सुटला नाही आणि सुटावा असे कोणाला वाटतही नाही.

येथवर सर्व गोड झाले. आता यातला अवघड भाग. जर जोपासल्याने आपले होते, तर आमच्या नातीचे 'आपले' कोणते होणार? ती तिकडे वाढते आहे. श्रीखंड आणि रुदी समोर ठेवली तर ती रुदी उचलते. आमच्या वयाच्या माणसाला अशा वेळी आत कुठेतरी टोचते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण जे पिढ्यान्‌पिढ्या वाहून आणले ते इथे संपणार काय, अशी ती भीती असते. आमच्या सौभाग्यवतींनी या भीतीवर एकदा नेमके बोट ठेवले. त्या म्हणाल्या, "तिनं काय खाल्लं याची काळजी कशाला करता? ती मला आजी म्हणून हाक मारते तोवर मला काही भय नाही."

या वाक्यात रसना आणि वाचा यांचा निवाडा आहे. हंगेरियन लोकांनी तुर्कांची कॉफी घेतली, अमेरिकेची मिरची घेतली, रशियाची मिठाई घेतली. भाषा मात्र सोडली नाही. त्यांच्याभोवती जर्मन, स्लाव्ह आणि रुमेनियन भाषांचा समुद्र आहे. यांची भाषा त्या कोणाच्याच कुळातली नाही. तिचे दूरचे नातेवाईक फिनलंड-एस्टोनियाकडे. तरी सुमारे अकराशे वर्षे ती त्या खोऱ्यात टिकून आहे. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने देशाचा दोन तृतीयांश मुलूख गेला आणि लक्षावधी हंगेरियन एका रात्रीत परक्या सीमांपलीकडे राहिले. त्यांच्या वस्त्यांतून आजही ती भाषा ऐकू येते. बेळगाव परिसरातील आपल्या वाचकांना यातले मर्म अधिक सांगायला नको. आम्ही बडोदेकरही अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आलेल्यांचे वंशज. ढोकळा आमचा झाला, गूळ घातलेली डाळ आमची झाली, गरबा आमचा झाला. त्याने मराठीपण उणे झाले नाही, कारण घरात हाक 'आई' अशीच राहिली.

परंतु येथे एक कटू सत्यही मान्य करावे लागेल. आपल्या कित्येक घरांत तिसऱ्या पिढीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. कित्येकांत बोलताही येत नाही. याचा दोष ढोकळ्याला देता येणार नाही, की चॉकलेटला. भाषा परका पदार्थ खाल्ल्याने जात नाही. घरात तिचा वापर थांबल्याने जाते. चव विनासायास मिळते, म्हणून ती बदलल्याचे दुःख फार करू नये. भाषेला रोजचे श्रम लागतात, आणि ते श्रम आजी-आजोबांनी केले नाहीत तर कोणी करायचे? आम्ही आता दर रविवारी दूरध्वनीवर नातीला अर्धा तास मराठी वाचून दाखवतो आणि अर्धा तास तिच्याकडून वाचून घेतो. तिचे 'ळ' अजून डळमळते. ते सुधारेल.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला अलीकडेच दिले. रुदी आम्हांला आवडते, पण ती आमची नाही. आम्ही तिचे अकरा महिन्यांचे पाहुणे. तिच्यासाठी आम्ही काही केले नाही, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात ती जगणारही नाही. पाहुण्याने आवडीने खावे, आभार मानावे आणि यजमानाच्या भांड्यावर आपले नाव घालू नये. नातीचे तसे नाही. ती त्या गावात वाढेल, तिथल्या मित्रमैत्रिणींत वाटून खाईल, उद्या कदाचित स्वतःच्या मुलांना ती देईल. तिच्यासाठी रुदी 'आपली' होईल आणि तसे होणे न्याय्य आहे. आमच्या 'आपले' या शब्दाच्या कक्षेत न मावणारे काहीतरी तिच्या 'आपले'मध्ये असणार, हे स्वीकारणे हा आजोबा असण्याचाच एक भाग आहे.

एवढीच अपेक्षा, की ते 'आपलं' तिने म्हणावे मराठीत.