बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सोबत अडीच वर्षांची मनोरमा होती. तिचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला. या बातमीने पुण्यात केवढे वादळ उठले, ते पुष्कळांना ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी स्वच्छ कबुली दिली आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. प्रार्थना चालू होती, पवित्र शास्त्राचे वाचन चालू होते, विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचा भार शिरावर घेतला होता, हिंदूंचे आणि ख्रिस्त्यांचे, दोन्हीकडचे बोल सोसून झाले होते. आत मात्र समाधान नव्हते.

मग विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅसलम कॉर्नवॉलमधल्या एका चर्चचे पाद्री. १८५१ मधल्या एका रविवारी भर उपासनेत, स्वतः उपदेश करत असताना, त्यांचे स्वतःचेच मन पालटले. समोर बसलेल्यांपैकी एकाच्या ते ध्यानात आले आणि त्याने तिथल्या तिथे ओरडून सगळ्यांना सांगितले. इतकी वर्षे दुसऱ्यांना देव सांगणाऱ्या माणसाला देव भेटला तो असा, बोलता बोलता मध्येच. हे वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारले, आपले तरी याहून वेगळे काय आहे?

ख्रिस्ती जीवनातला आनंद म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच क्षण येतो. पाण्यात उतरलेला माणूस, त्याचे उजळलेले तोंड आणि भोवती गाणारी मंडळी. तो क्षण खोटा नाही. पण त्यानंतर वीस, तीस, चाळीस वर्षे असतात. दुखणी असतात, मुलांचे मृत्यू असतात, मंडळीतली भांडणे असतात, प्रार्थना कोरडी पडल्याचे महिने असतात. या लांबलचक काळात आनंदाचे काय होते, या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरा जवळजवळ दोन हजार वर्षे विचार करत आली आहे, आणि तिचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे.

सुरुवात पौलापासून करावी लागते. करिंथच्या मंडळीला लिहिताना त्याने तिला तान्ह्या बाळाची उपमा दिली: अजून दूधच पचते आहे, जड अन्न सोसत नाही. या एका घरगुती दाखल्यात पुढच्या सगळ्या विचाराचे बी आहे. विश्वास जन्माला येतो तेव्हा तो लहान असतो आणि त्याला वाढावे लागते, हे पौलाने गृहीतच धरले होते. त्याच पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले ते बंदिवासातून. अवघ्या चार अध्यायांचे पत्र, पण त्यात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. साखळदंडात असलेला माणूस बाहेरच्यांना आनंद करा म्हणतो, आणि स्वतः अजून पोहोचलेलो नाही, धावतो आहे, असेही त्याच पत्रात सांगतो. पोहोचण्याआधीचा आनंद असा असतो. हे सूत्र पुढच्या काळात अनेकदा हातातून निसटले आणि अनेकदा पुन्हा सापडले.

चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने ते घट्ट धरले. ग्रीक विचारात जे परिपूर्ण ते न बदलणारे; म्हणून माणसाची चंचलता ही त्याची उणीव. ग्रेगरीने हे उलटे केले. बदलता येणे हेच माणसाचे पंख आहेत, असे तो म्हणाला, कारण देव अमर्याद आहे आणि त्याच्याकडची वाट कधीच संपत नाही. मोशेचे चरित्र सांगताना त्याने या वाटेचे तीन टप्पे दाखवले. पहिल्यांदा जळत्या झुडपाचा प्रकाश, मग ढग, आणि शेवटी सिनाई पर्वतावरचा अंधार. क्रम नीट पाहावा. माणूस जसजसा जवळ जातो तसतसा उजेड कमी होतो! नव्या उत्साहाने भरलेल्या माणसाला हे पटणे अवघड असते. ज्याने विश्वासात वीस वर्षे काढली आहेत त्याला मात्र कोणी तरी आपल्या मनातले बोलल्यासारखे वाटते.

त्याच सिनाईच्या पायथ्याशी सातव्या शतकात योहान नावाचा मठाधिपती होता. त्याने साधनेच्या तीस पायऱ्या सांगणारे पुस्तक लिहिले आणि त्या पुस्तकामुळे त्याला शिडीवाला योहान, म्हणजे ‘क्लिमॅकस’, हेच नाव पडले. तिथल्या संत कॅथरिनच्या मठात बाराव्या शतकातले एक चित्र आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर तिरपी शिडी, तिच्यावर ओळीने चढणारे साधू, वरच्या टोकाला त्यांचे स्वागत करणारा ख्रिस्त, आणि भोवती काळ्या, बारीक आकृतींचे सैतान. कोणाला दोरीने ओढताहेत, कोणावर बाण रोखताहेत. काही साधू खाली कोसळताना दिसतात, आणि ते सगळेच काही पहिल्या पायरीवरचे नाहीत. वरपर्यंत गेलेलाही पडतो. आनंदाच्या दृष्टीने या पुस्तकाची सातवी पायरी फार मोलाची आहे. तिथे योहान शोकाबद्दल बोलतो, पण आनंद उपजवणाऱ्या शोकाबद्दल. आपण काय गमावले आहे हे कळल्याने डोळ्यांत येणारे पाणी, आणि त्या पाण्यातच असलेला गोडवा. विरहाचे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे फोडून सांगायला नको.

शिडीच्या कल्पनेत एक धोका आहेच. शिडी म्हटली की कोण वर आणि कोण खाली हे आले. साधू वर, संसारी माणसे खाली, अशी वर्गवारी मध्ययुगात पक्की झाली आणि आनंद हा मठात राहणाऱ्यांचा मक्ता ठरला. हे नुकसान लहान नव्हते.

स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसाने १५७७ साली ‘अंतरीचा किल्ला’ लिहिला तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती, प्रकृतीने खंगलेली होती आणि तिच्या सुधारणांविरुद्ध वादळ उठलेले होते. तिने शिडी बाजूला ठेवली आणि घराची कल्पना मांडली. आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला, त्यात सात दालने, आणि राजा सर्वांत आतल्या दालनात. वर चढायचे नाही, आत जायचे. घरात माणूस मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत येतो-जातो. तशीच मोकळीक तेरेसाने साधकाला दिली. आणि सातव्या दालनात पोहोचल्यावर काय? तिथे ती मार्था आणि मरिया या दोघी बहिणींना एकत्र आणते. पायाशी बसून ऐकणारी आणि स्वयंपाकघरात राबणारी, दोघी मिळूनच प्रभूचा पाहुणचार होतो. सगळ्यांत आतले दालन गाठलेल्या बाईने पुन्हा कामाला लागावे, हा तिचा निर्वाळा आहे. मठातल्या भगिनींना तिने आधीच सांगून ठेवले होते की, भांड्याकुंड्यांमध्येही देव वावरतो.

तिचा तरुण सहकारी योहान याला त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्याच पंथाच्या लोकांनी पकडून तोलेदोला कोंडले. सुमारे नऊ महिन्यांनी तो निसटला. त्या अंधाऱ्या खोलीत त्याच्या काही श्रेष्ठ कविता जन्मल्या. पुढे त्याने जे लिहिले त्यात एक साधा दाखला आहे: आई तान्ह्याला अंगावरून तोडते. बाळ रडते, त्याला वाटते की आई रागावली. खरे तर आता त्याने आपल्या पायांनी चालावे, एवढीच तिची इच्छा असते. प्रार्थनेतला सुरुवातीचा गोडवा आटतो तेव्हा नेमके हेच घडत असते, असे योहान म्हणतो. पौलाच्या दुधाचा दाखला पंधरा शतकांनी असा पूर्ण झाला.

प्रोटेस्टंट सुधारणेने शिडी काढूनच टाकली. देवाची कृपा चढून मिळवायची नसते, ती आधीच मिळालेली असते, हा लूथरचा आग्रह. मग टप्पे उरले का? उरले, पण त्यांची वाट झाली. बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढलेल्या जॉन बन्यनने १६७८ साली ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ प्रसिद्ध केले. त्याचा नायक साधू नाही, बायकामुले असलेला एक सामान्य माणूस आहे. पाठीवर ओझे घेऊन तो चिखलातून, डोंगरातून, जत्रेतून चालतो. ओझे उतरते ते वाटेच्या सुरुवातीलाच, क्रुसापाशी. त्यानंतरही कितीतरी चाल बाकी असते. हरि केशवजी यांनी १८४१ साली हे पुस्तक ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. मराठीत छापील गद्य नुकते कुठे बाळसे धरत होते, अशा वेळी अनुवादासाठी हे पुस्तक निवडले गेले. जिथे वाट चालणे हीच भक्ती मानली जाते, त्या मुलखात वाटेची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नव्हते.

नारायण वामन टिळकांनी हे नाते उघड केले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. पूल ओलांडला म्हणून त्यांनी तो मोडला नाही. उलट अभंग, ओवी, कीर्तन सगळे सोबत आणले. त्यांचा प्रवासही बाप्तिस्म्यावर थांबला नाही. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या पगारी कामाचा राजीनामा दिला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे शिष्य असावेत, ही त्यांची कल्पना होती. लोक निवृत्तीचे हिशेब मांडतात त्या वयात हा माणूस नव्याने सुरुवात करत होता.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. या सगळ्या परंपरेत टप्प्यांचे इतके जिवंत चित्र दुसरे नसेल.

त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे असे की मीठ-साखरही धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. पदरी लहानगा दत्तू. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग नगरला त्याच्याजवळ आल्या. पण आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. प्रसंग आला तो पाण्याचाच. विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनात आले की, पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या खऱ्या, त्या दिसतातही वेगळ्या; माणसांत देवाने केलेले भेद म्हणजे बाई आणि पुरुष. बाकीच्या जाती माणसाने केल्या. झाले, त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरले. ना कोणी उपदेश केला, ना कोणते पुस्तक वाचले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो या सगळ्यानंतर, स्वतःच्या पायांनी चालत येऊन.

अमेरिकन अभ्यासक जेम्स फाउलर यांनी १९८१ च्या ‘स्टेजेस ऑफ फेथ’ या पुस्तकात, अनेकांच्या मुलाखती घेऊन, श्रद्धेच्या सहा पायऱ्या मांडल्या. मिळालेल्या श्रद्धेला माणूस स्वतः प्रश्न विचारतो तेव्हाच ती त्याची स्वतःची होते, हा त्यातला कळीचा मुद्दा. लक्ष्मीबाईंनी तो ऐंशी वर्षे आधी पिण्याच्या पाण्यावरून सोडवला होता. फरक एवढाच की फाउलरच्या आराखड्यात हसू कुठे नाही, आणि लक्ष्मीबाईंच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ हशाने भरलेली आहेत. साठी उलटलेली ही बाई स्वतःच्या जुन्या सोवळ्याकडे, हट्टाकडे, फजितीकडे पाहते आणि मनापासून हसते; वडिलांवरही राग धरत नाही. हे हसू बाप्तिस्म्याच्या दिवशीचे नव्हे. गरिबी, प्लेग, वैधव्य हे सगळे ओलांडून उरलेले आहे. शिडीवाल्या योहानाने सातव्या पायरीवर ज्याचे नाव घेतले, त्याच जातीचा हा आनंद.

रमाबाईंचेही तसेच. १८९१ नंतर त्यांना मिळालेले समाधान त्यांना स्वस्थ बसवणारे नव्हते. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायकांसाठी त्यांनी केडगावला मुक्ती सदन वसवले. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. लाट ओसरली, आणि रमाबाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. संस्कृतप्रचुर मराठी बायबल आपल्या बायकांना समजत नाही, हे त्यांनी पाहिले होते. वर्षानुवर्षे त्या सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या आणि मुक्ती सदनातल्याच बायका त्याचे खिळे जुळवत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई कामावरून उठल्या नाहीत. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्यांनी डोळे मिटले, तोवर भाषांतर पुरे झाले होते.

टिळकांचे मोठे काम मात्र अपुरे राहिले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा अकरावा अध्यायही पुरा नव्हता. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांनीच करून दिलेली. त्यांनी तिथून पुढे लिहायला घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या. शेवटचा अध्याय लिहिला तो मुलाने, देवदत्ताने. ‘ख्रिस्तायन’ छापून झाले १९३८ साली.