डॉक्टरांना खरं सांगता यावं म्हणून

१९८९च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्याने केलं होतं ते एवढंच: रक्तदान. त्या रक्तात एचआयव्ही आढळला होता, पण ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. डॉमिनिक समलिंगी होता. सुटल्यावर तो लढला, बाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये गेला. पण चाचणी केली तर कोंडतील, हा धडा त्या बातमीतून किती जणांनी घेतला असेल!

मला एचआयव्हीच्या इतिहासात सर्वांत छळणारी गोष्ट हीच वाटते: प्रतिबंधाची साधनं आपण माणसाच्या हातात द्यायची आणि ती वापरणंच त्याला धोक्याचं करून ठेवायचं. १९९४ साली तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायला प्रशासनाने नकार दिला. दिले तर समलिंगी संबंध होतात हे मान्य करावं लागलं असतं, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली तो गुन्हा होता. २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली. त्यांची माहितीपत्रकं पुरावा ठरली आणि ते दीड महिना तुरुंगात राहिले. पुढे या कलमाविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयात ‘नाको’ने, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, शपथपत्रावर सांगितलं, की पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत संसर्गाचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, सर्वसाधारण लोकसंख्येत १ टक्क्याहून कमी, आणि या कलमामुळे ही माणसं आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच खटल्यात केंद्राचं गृहखातं कलम राहावं म्हणून भांडत होतं.

गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, त्यामुळे विषाणू तिथून लवकर शिरतो. हे शरीरशास्त्र झालं, आणि त्यावर उपाय आहे. पण खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, पाण्यावर आधारित वंगण वापरावं, ही साधी गोष्ट एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलाला कोण सांगणार? भेटायला खोली नाही, म्हणून आडोसा. आडोशाला पोलिसाची किंवा पैसे उकळणाऱ्याची भीती, म्हणून घाई. घाईत कंडोम राहून जातो.

मग घरचे म्हणतात, लग्न झालं की सुधारेल. मुलगा बोहल्यावर चढतो, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल. त्याला संसर्ग झालेला असला, तर तो कधी कधी सुनेच्या गरोदरपणातल्या रक्ततपासणीत पहिल्यांदा उघड होतो आणि बोल तिलाच लागतो. ‘घराण्याची अब्रू’ राखताना दोन आयुष्यं पणाला लावली, हे आपल्यातल्या किती कुटुंबांनी कधी कबूल केलं आहे?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. चारच दिवसांनी एचआयव्ही कायदा लागू झाला: संमतीशिवाय चाचणी नाही, गुप्ततेचा भंग नाही, भेदभाव नाही. औषधंही आज आहेत. धोक्याचा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची; आधीच घेऊन संसर्ग टाळणारी, म्हणजे प्रेप; आणि बाधितांसाठी २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी. नियमित उपचाराने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

मात्र यातलं काहीही मिळवायचं तर समोरच्या डॉक्टरला खरं सांगावं लागतं. म्हणून माझी विनंती डॉक्टरांना आहे. सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवा. ‘लग्न झालंय का?’ एवढ्यावर थांबू नका. जोडीदार पुरुष आहे की स्त्री, हे रक्तदाब विचारावा तितक्या सहजपणे विचारा, आणि उत्तर ऐकून कपाळाला आठी पडू देऊ नका. आणि दवाखान्याची पायरी चढायचं धाडस ज्याला अजून होत नाही, त्याच्यासाठी ‘नाको’ची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.